'बाबा' म्हणजे नक्की कोण?

घरातले जुने फोटो स्कॅन करायचं काम मागच्या वर्षी एकदाचं उरकलं. अकराशेच्या आसपास निघाले. सगळे एका सामायिक अल्बममध्ये टाकले आणि घरच्यांना निरोप धाडला : ज्याला जे सुचेल तो टॅग लावा, नियम काही नाही. नियम केले नाहीत यात माझा दूरदर्शीपणा वगैरे काही नव्हता, निव्वळ आळस होता.

पंधरा दिवसांनी उघडून बघते तर एका फोटोला सहा टॅग. फोटोत माणूस एकच. खुर्चीत बसलेला, मांडीवर रेडिओ, मान किंचित कललेली. मी लावला होता 'आजोबा'. आईने 'बाबा'. आईच्या आतेभावाने 'मामा'. आजीच्या धाकट्या भावाने 'दाजी'. माझ्या वडिलांनी 'अण्णा', कारण बाहेर सगळे त्यांना तेच म्हणायचे. आणि मामेभावाने, ज्याला माणसांपेक्षा यंत्रांत जास्त रस आहे, त्याने फक्त 'रेडिओ'.

सहाही टॅग बरोबर होते. पंचाईत पुढे झाली. 'मामा' या टॅगवर क्लिक केलं तर आजोबाही आले आणि माझा मामाही आला, कारण तो टॅग मीही लावला होता. 'बाबा'वर क्लिक केलं तरी तेच दोघे, कारण मामेभावाचा बाबा म्हणजे माझा मामा. बाप आणि लेक एकाच पाटीखाली, तेही दोनदा.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. माझं मत आधीच सांगते : टॅग कोणी लावला हे पुसलं, की तो टॅग अर्धा मेला.

लोकांनी आपापले टॅग लावावेत ही कल्पना फार जुनी नाही. त्याआधी कपाट होतं, आणि कपाटात पुस्तक एकाच जागी राहू शकतं. त्यामुळे ते कुठे ठेवायचं हे कुणीतरी एकाने ठरवायचं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी 1876 साली पुस्तकांचं दशांश वर्गीकरण आणलं, त्यात धर्माला 200चा वर्ग दिला. त्यातले 220 पासून 280 पर्यंतचे विभाग ख्रिस्ती धर्माकडे गेले आणि उरलेल्या सगळ्या जगाचे धर्म 290मध्ये कोंबले गेले. यात ड्यूईंना दुष्ट ठरवायची गरज नाही. माणूस जिथे उभा असतो तिथून जवळचं मोठं दिसतं, एवढंच. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं तेव्हा एकाच विषयाला अनेक बाजू असतात हे मान्य करून टाकलं. पुढे त्यांनी त्या बाजूंना व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ अशी नावं दिली. मला हे फार मोठं पाऊल वाटतं. पण त्या बाजू ठरवायचा अधिकार तरीही जाणकारांकडेच राहिला.

मग फायली आल्या. फाइलला कपाटात जागा लागत नाही, म्हणून तिला दहा पाट्या लावल्या तरी बिघडत नाही. 2003 साली डिलिशस नावाच्या संकेतस्थळावर लोक वेबपानांच्या खुणा साठवून त्यांना मनाला येतील ते शब्द चिकटवू लागले, 2004 साली फ्लिकरवर फोटोंना. त्याच वर्षी माहितीरचनेचे जाणकार थॉमस व्हँडर वाल यांनी या प्रकाराला 'फोक्सॉनॉमी' असं नाव दिलं. आपण लोकवर्गीकरण म्हणू. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट सगळे विसरतात. ते तीन धागे सांगतात : वस्तू, टॅग आणि टॅग लावणारा माणूस. शिवाय हा माणूस टॅग लावतो तो स्वतःला ती वस्तू पुन्हा सापडावी म्हणून. बाकीच्यांना होतो तो फायदा पदरात आपोआप पडलेला.

डिलिशसवर 'टूरीड' नावाचा टॅग भरपूर वापरला जायचा. म्हणजे 'वाचायचंय'. दुसऱ्याला याचा उपयोग शून्य! वर्गीकरणाच्या अभ्यासकांनी कपाळाला हात लावावा असा टॅग. मला मात्र तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो लावणाऱ्याने कुणाला दाखवायला लावलेला नाही.

यावर आक्षेप ठरलेला : प्रत्येकाने मनाचे शब्द वापरले तर गोंधळ नाही का होणार? होतो. 1987 साली फर्नास या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एकाच ओळखीच्या गोष्टीला दोन माणसांनी आपापलं नाव दिलं, तर दोघांचा शब्द जुळायची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी असते. मराठीत तर शब्दाला विभक्ती लागली की त्याचा चेहराच बदलतो. 'शाळा' आणि 'शाळेत' आपल्याला एकाच घरातले वाटतात, यंत्राला मात्र दोन परके शब्द. त्यात ऱ्हस्व-दीर्घ. आमच्या अल्बममध्ये 'सहल'खाली चाळीस फोटो आहेत, 'सहलीला'खाली नऊ आणि 'सहलिला'खाली दोन. ते दोन फोटो वर्षभर कुणालाच दिसले नव्हते.

पण गोंधळ आपोआप निवळतोही. गोल्डर आणि ह्युबरमन या संशोधकांनी डिलिशसचा अभ्यास केला. एखादं पान साधारण शंभरेक जणांनी साठवलं, की त्यावरच्या टॅगांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास स्थिर होतं, पुढे कितीही लोक आले तरी फारसं हलत नाही. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. मात्र याला शंभर माणसं लागतात. आमच्या घरात टॅग लावणारे चौदा, त्यातले चार फक्त बदाम पाठवतात.

मोठ्या प्रमाणावर हे किती छान चालतं याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं. जानेवारी 2008 मध्ये त्यांनी जुने तीन हजारांवर फोटो फ्लिकरवर ठेवले आणि लोकांना टॅग लावायला सांगितलं. दहा महिन्यांत अडीच हजारांवर खात्यांवरून 67 हजारांहून जास्त टॅग आले. अयोग्य म्हणून काढाव्या लागलेल्या गोष्टी पंचवीसही नव्हत्या. लोक म्हणजे धुडगूस, असं धरून चालणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

मग बिघडलं कुठे? हॅशटॅगमध्ये, असं मी म्हणते. सुरुवात चांगलीच होती. ऑगस्ट 2007 मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर गट ओळखायला शब्दाआधी '#' हे चिन्ह वापरून बघू, असं सुचवलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ वणवे पेटले तेव्हा एकाच हॅशटॅगखाली बातम्या गोळा होऊ लागल्या आणि त्याचं खरं काम लोकांना दिसलं. पुढे त्याची शेपटी झाली. इन्स्टाग्रामवर एका फोटोखाली तीस हॅशटॅगची मर्यादा कैक वर्षं होती आणि लोक ती मर्यादा एखादं कर्तव्य असल्यासारखी पाळत होते. सूर्यास्ताच्या फोटोखाली 'प्रेम', 'सुंदर', 'फॉलो करा'. यातला एकही शब्द लावणाऱ्याला उद्या तो फोटो शोधायला कामाचा नाही. ही हाक आहे, आणि बाजारात सगळेच हाका मारायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. ('सुंदर' हा टॅग शोधून बघा. काय सापडतं ते मला सांगायची गरज नाही.)

दुसरं टोक म्हणजे कडक शिस्त. प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारायच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर एका प्रश्नाला पाचच टॅग, नवा टॅग काढायला 1500 गुणांची पत लागते. प्रोग्रामिंगपुरतं हे योग्यच आहे. घरच्या फोटोंना हे लावलं असतं तर 'रेडिओ' कधीच आला नसता.

मला पटलेला मार्ग तिसराच आहे, आणि तो सापडला हौशी लेखनाच्या साठ्यात. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, 2019 साली विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळालेली जागा. तिथे लिहिणारा हवा तो टॅग लावतो, अख्खं वाक्यसुद्धा. मग स्वयंसेवक येतात आणि एकाच अर्थाचे टॅग पडद्यामागे एका प्रमाण टॅगला जोडून देतात. शोधणाऱ्याला सगळं एकत्र मिळतं, आणि लिहिणाऱ्याच्या पानावर त्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. कुणाचं शुद्धलेखन सुधारलं जात नाही. या कामाला पगार नाही, आणि कथा वाचणाऱ्या बहुतेकांना ही माणसं आहेत हेही ठाऊक नसतं.

आमच्याकडे हे काम मामेभावाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, न सांगता हातात घेतलं. आधी तिने नियम सुचवले होते : नाव, आडनाव, वर्ष, याच क्रमाने. दोन दिवस पाळले गेले. मग तिने नाद सोडला आणि एक तक्ता केला. टॅग, लावणारा, माणूस. 'बाबा', आईने लावलेला, म्हणजे अण्णा. 'बाबा', तिच्या नवऱ्याने लावलेला, म्हणजे माझा मामा. व्हँडर वालचे तीन धागे, तिने त्यांचं नाव कधी ऐकलेलं नसताना! आईचा 'बाबा' तसाच राहिला. तो बदलून 'अण्णा' केला असता तर आई आठवडाभर बोलली नसती, आणि तिचं बरोबरच होतं.

आता 'कोण?' या टॅगची गोष्ट. ओळख न पटलेल्या चेहऱ्यांना आजीचा भाऊ 'कोण?' असं लिहून ठेवायचा. स्वतःसाठीच, सवडीने आठवून बघू म्हणून. त्याचं पाहून आणखी दोघांनी तेच सुरू केलं. अकरा फोटो जमले. सुटे होते तेव्हा प्रत्येकात एक अनोळखी बाई कडेला उभी होती, एवढंच. एकाखाली एक आले तेव्हा आईच्या लक्षात आलं की सात फोटोंतली बाई एकच आहे, आणि सातही वेळा ती आजीच्या डावीकडे उभी आहे. आईने फोन लावला. आजीच्या भावाने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "अगं, ही ताईची शाळेतली मैत्रीण. हिच्याकडूनच ती शिवण शिकली."

त्या सात फोटोंना आता 'ताईची मैत्रीण' असाही टॅग आहे. 'कोण?' कुणी काढलेला नाही. वहिनीने तक्त्यात त्याच्यासमोरचा रकाना रिकामा ठेवलाय, अजून चार चेहरे बाकी आहेत.