खुर्ची नको, माणूस पाहिजे

"काऊन रे, मी का लंगडी होय का?" मुंबई विमानतळावरून मायचा फोन. वय ६८. दारव्ह्याकडच्या आमच्या वावरात अजूनही ती दिवसभर कापूस वेचते. लंडनला माझ्याकडे येताना तिच्या तिकिटावर व्हीलचेअर मी टाकली होती. तिनं मागितली नव्हती, मी तिला विचारलंही नव्हतं.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरूनच मध्यंतरी जुंपली होती. धडधाकट माणसं रांग चुकवायला खुर्ची घेतात, उतरल्यावर तरातरा बॅगा ओढत निघतात, अशांकडून पैसे घ्या, डॉक्टरचा दाखला मागा, वगैरे. सगळ्यात पुढे माझा चुलतभाऊ. त्या धडधाकटांत आपली काकूही बसते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याचा राग खोटा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या वृद्ध जोडप्याला एकच खुर्ची मिळाली. त्यावर बायको बसली आणि ८० वर्षांचे आजोबा तिच्या बाजूनं चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि दगावले. विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्यानं एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. जिला चालता येतं तिनं अडवलेली प्रत्येक खुर्ची अशा कुणाच्या तरी वाट्याची असते. मायची खुर्चीसुद्धा.

मग मी टाकली का? माय चौथी शिकलेली. पहाटे गावातून निघून नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर, तिथून मुंबई, मुंबईत टर्मिनलमधून पुढचं विमान. तिला चालण्याची भीती नव्हती. गेट बदललं तर? इमिग्रेशनचा साहेब इंग्रजीत काही विचारेल तर? ट्रेमध्ये बांगड्या काढून ठेवायच्या का? खुर्ची ढकलणाऱ्या पोरानं तिची फाइल सांभाळली, साहेबाशी तोच बोलला, पाणी आणून दिलं. शेवटी "मावशी, चहापाण्याचं बघा" असंही म्हणाला. सेवा फुकट असते हे तिला ठाऊक नव्हतं, तिनं पदराच्या गाठीतले दोनशे काढून दिले. मला त्याचा राग आला, तिला नाही. "लेकरू हाय, दिवसभर ढकलते," म्हणाली. तिला जी मदत लागत होती ती सगळी त्या पोरानं दिली. खुर्ची नुसतीच बुडाखाली होती.

विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरचे तीन प्रकार आहेत. लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, तो 'डब्ल्यूसीएचआर'. जिनाही जमत नाही, तो 'डब्ल्यूसीएचएस'. सीटपर्यंत न्यावं लागतं, तो 'डब्ल्यूसीएचसी'. यांखेरीज 'मास' नावाचा एक कोड आहे: प्रवाशाला भेटा, सोबत न्या. खुर्ची नाही, नुसती सोबत. मायला हवं होतं ते हेच. पण तिकीट काढताना मला पडद्यावर दिसला तो फक्त व्हीलचेअरचा चौकोन. माझ्यासारखे हजारो पोरं परदेशात बसून तोच चौकोन टिचकवतात, आणि खोटारडे ठरतात आपले मायबाप.

इकडे ब्रिटनमध्ये ही जबाबदारी कायद्यानं विमानतळाची आहे. खर्च सगळ्या प्रवाशांमागे थोडा थोडा कंपन्यांकडून वसूल होतो, आणि कुठल्या विमानतळानं ही सेवा कशी दिली याचा दर्जा नियामक दरवर्षी जाहीर करतो. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळानं सूर्यफुलाचा हिरवा पट्टा काढला. गळ्यात तो दिसला की कर्मचारी समजतात, या माणसाचं अपंगत्व दिसत नसलं तरी त्याला थोडा वेळ द्यायचा आहे. चांगली कल्पना. पण म्हणून इकडे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. विमान रिकामं झाल्यावर माय पाऊण तास सीटवर बसून होती, कारण तिला न्यायला कुणी आलंच नव्हतं. चालत आली असती तर कधीच बाहेर पडली असती.

अशा वेळी गाव आठवतं. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, पण पायरी गुडघ्याच्या वर. आमच्या आजीला कंडक्टर हात धरून वर घ्यायचा, फॉर्म नाही, कोड नाही. हे मी एकदा गावात कौतुकानं बोललो, तेव्हा पोलिओमुळे तीनचाकी सायकलवर फिरणारा माझा वर्गमित्र म्हणाला, "हात देणारा भेटला त ठीक. नाई भेटला त मी घरीच." तलाठ्याच्या ऑफिसच्या चार पायऱ्या तो अजून बसून, हातांवर सरकत चढतो.

येत्या मार्चमध्ये माय पुन्हा येते आहे. या खेपेला कंपनीला आधीच फोन केला: खुर्ची नको, सोबत एक माणूस द्या. पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, दोन मिनिटं थांबवलं आणि म्हणाली, "सर, त्यासाठी सिस्टीममध्ये व्हीलचेअरच टाकावी लागेल."