सेर्नुदाला पगार होता, म्हणून?

नमस्कार. लुइस सेर्नुदा या स्पॅनिश कवीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: स्पेनच्या यादवीत कवी लोर्काला गोळ्या घातल्या, दुसरा कवी माचादो फ्रान्सची सरहद्द ओलांडून महिन्याभरात वारला, आणि हा गृहस्थ १९३८ मध्येच सटकला. इंग्लंड-अमेरिकेत प्रोफेसरकी केली आणि वर जन्मभर कुरकुरत राहिला. याचं कसलं कौतुक?

‘सटकला’ हे आधी बघू. १९३६ मध्ये यादवी पेटली तेव्हा तो फ्रँकोच्या बंडखोर फौजांविरुद्ध, प्रजासत्ताकाच्या बाजूने, स्वयंसेवक म्हणून माद्रिदजवळच्या ग्वादारामाच्या डोंगरात गेला होता. खांद्यावर बंदूक, सोबत जर्मन कवी होल्डरलिनच्या कविता. (सैनिक म्हणून किती उपयोगी पडला असेल ते सोडा.) फेब्रुवारी १९३८ मध्ये इंग्लंडला गेला तो व्याख्यानं द्यायला, थोड्या मुदतीसाठी. त्याच उन्हाळ्यात परतायचं म्हणून पॅरिसपर्यंत आलाही. पण तोवर प्रजासत्ताकाची बाजू ढासळत चालली होती. तो पुन्हा इंग्लंडला वळला, आणि १९६३ मध्ये मेक्सिकोत वारला तोपर्यंत स्पेनमध्ये त्याचं पाऊल पडलं नाही.

आता प्रोफेसरकी. सरे परगण्यातल्या शाळेत सहायक शिक्षक, मग ग्लासगो, केंब्रिज, लंडन, आणि १९४७ पासून अमेरिकेतलं माउंट होल्योक कॉलेज. पगार होता, कबूल. पण १९५२ मध्ये तीच चांगल्या पगाराची नोकरी सोडून तो मेक्सिकोला गेला. तिथे रस्त्यात स्पॅनिश कानावर पडत होती, ऊन होतं, आणि एका तरुणावर त्याचा जीव जडला होता. पैशाकडे बघून चालणारा माणूस असं करत नाही.

या शेवटच्या गोष्टीचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. सेर्नुदा समलिंगी होता आणि १९३१ मध्ये लिहिलेल्या ‘लोस प्लासेरेस प्रोइबिदोस’ (निषिद्ध सुखं) या कवितांमध्येच त्याने ते आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. यादवी जिंकून सत्तेवर बसलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने १९५४ मध्ये भटक्या-उनाडांविरुद्धच्या कायद्यात समलिंगी पुरुषांनाही गोवलं. म्हणजे राजकारण बाजूला ठेवलं तरी त्याने परत जायचं कशाच्या भरवशावर? ‘पेरेग्रिनो’ (यात्रेकरू) या कवितेत तो स्वतःलाच बजावतो की परतणं हे ज्याची कुणी वाट बघतंय त्याचं काम; ग्रीक पुराणातल्या युलिसिसला शोधत निघणारा मुलगा होता, इथाका हे घर होतं, पेनेलोपी ही बायको होती, तुझं तिथे कोण आहे? कुरकुर करणारा माणूस स्वतःला इतकं कोरडेपणाने सुनावत नाही.

हा कोरडेपणा तो इंग्लंडमध्येच शिकला. नंतर त्याने स्वतः लिहिलंय की भावनांचा पसारा आणि नटवी, भरजरी ओळ टाळायला त्याला इंग्रजी कवींनी शिकवलं. ब्राउनिंगकडून दुसऱ्याच्या तोंडून बोलणं उचललं. तुमच्या लाडक्या १९३६ पूर्वीच्या कवितांपेक्षा मला हा सेर्नुदा मोठा वाटतो, यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

एक प्रसंग मात्र सांगतो. १९३७ मध्ये, यादवी चालू असताना, उत्तर स्पेनच्या बास्क प्रांतातली जवळपास चार हजार मुलं बोटीने इंग्लंडला आणली होती. त्यांच्यापैकी काहींची देखभाल सेर्नुदाकडे आली. त्यातला एक मुलगा ऑक्सफर्डच्या इस्पितळात मरणपंथाला लागला. सेर्नुदाच्या एका मित्राने सांगून ठेवलेली हकिकत अशी की मुलाने सेर्नुदाला बोलावून कविता वाचायला लावली, ऐकली, आणि मग म्हणाला, आता मी भिंतीकडे तोंड करतो, मरताना तुम्हाला दिसायला नको. यावर सेर्नुदाने ‘निन्यो मुएर्तो’ (मेलेलं मूल) ही कविता लिहिली. तुम्ही म्हणता तसा तो स्वतःतच गुरफटलेला असता, तर ही कविता त्याच्या हातून उतरली नसती.

तुमचा एक मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही: त्याचा कडवटपणा. १९६२ च्या शेवटच्या संग्रहात दामासो आलोन्सो आणि पेद्रो सालिनास या त्याच्या काळातल्या कवींवर केलेले वार वाचवत नाहीत. सालिनास तर सेव्हिल या त्याच्या जन्मगावातला त्याचा शिक्षक. तोही परागंदा, आणि ११ वर्षांपूर्वीच वारलेला. पण त्याच पुस्तकात ‘१९३६’ आहे: काव्यवाचनानंतर भेटलेल्या, प्रजासत्ताकासाठी लढायला आलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या लिंकन ब्रिगेडमधल्या म्हाताऱ्या सैनिकाला साधे, मनापासून मानलेले आभार. दोन्ही एकाच माणसाचं आहे. मला त्यातलं एक वगळून दुसरं नको.

कुठून सुरुवात करावी, असं विचारलंत. ‘ओक्नोस’ घ्या. ग्लासगोच्या धुरात बसून सेव्हिलच्या बालपणावर लिहिलेलं छोटेखानी गद्य आहे, १९४२ मध्ये लंडनला छापलं. गावाचं नाव कुठेही घेतलेलं नाही, तरी गाव ओळखू येतं. इंग्रजी भाषांतर मिळतं. वाचून झालं की पुन्हा भांडायला या.