शाईचे वय आणि एक फिरता संदेश

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जुन्या मृत्युपत्राविषयी शंका असल्यास ते गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासायला द्यावे, तिथले यंत्र शाईची नेमकी तारीख सांगते. कागद पिवळा असेल तर दस्त खरा. शाई सारखी दिसली तर पेन एकच. आणि तोवर मूळ कागद लॅमिनेट करून ठेवावा, असे त्यात म्हटले आहे.

तारीख सांगणारे यंत्र गांधीनगरलाच काय, कुठेच नाही. बॉलपेनच्या बहुतेक शाईंत फिनॉक्सीएथॅनॉल हे द्रावक, म्हणजे रंग विरघळवून ठेवणारा द्रव, असते. ते पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने उडते, मग सावकाश, आणि साधारण दोन वर्षांनंतर त्यात इतका थोडा फरक पडतो की त्यावरून वय काढता येत नाही. शिवाय कागद वडोदऱ्याचे उन्हाळे लोखंडी कपाटात काढतो की टेबलावर उघडा, यानेही हा वेग बदलतो. त्यामुळे सही अगदी अलीकडची दिसते, असे मत एखादे वेळी देता येते. ती १९९८ ची की २००५ ची, हे नाही. तेही शेवटी मतच, जे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली इतर पुराव्यांबरोबर तोलले जाते. मात्र शाई तारखेला खोटे पाडू शकते. जेल शाईचे पेन जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये आणले, तेव्हा १९७० च्या पावतीवर जेल पेनची सही निघाली तर द्रावक मोजत बसण्याचे कारणच उरत नाही.

पिवळेपणाचे काय सांगावे? चहाच्या पाण्यातून काढलेला कागद एका दुपारीत पिवळा होतो. हिटलरच्या म्हणून १९८३ मध्ये गाजलेल्या दैनंदिन्या उघड्या पडल्या त्या रंगामुळे नव्हे, तर कागदात महायुद्धानंतर वापरात आलेले शुभ्रकारक द्रव्य सापडल्यामुळे.

शाई सारखी दिसण्याचेही तसेच. पावतीवरच्या ‘५,०००’ च्या आधी कोणी ‘१’ घातला, तर साध्या उजेडात पाचही आकडे एकाच निळ्या रंगाचे दिसतील. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात टिपल्यावर मात्र पुष्कळदा एक शाई पार नाहीशी होते आणि दुसरी काळी उरते. त्यानेही उलगडा झाला नाही, तर पोकळ सुईने रेघेतून टाचणीच्या डोक्याएवढे कण काढून, त्यांतली शाई द्रावकात उतरवून वर्णलेखनाच्या (क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिसळलेले रंग सुटे करण्याची पद्धत) पट्टीवर चढवतात, आणि एकच वाटणारा निळा रंग जांभळ्या-निळ्या ठिपक्यांत फुटतो. पण शाई जुळली म्हणून पेन एकच ठरत नाही, कारण एकाच खेपेची शाई हजारो रिफिलींत जाते. आणि ती वेगळी निघाली म्हणजे लबाडीच झाली असेही नाही. लिहिता लिहिता पेन कोणाचे बंद पडत नाही?

लॅमिनेशनचा सल्ला सर्वांत घातक. उष्णतेने उरलेसुरले द्रावक उडते, लेखणीच्या दाबाचे ठसे चपटे होतात आणि प्लॅस्टिकखालून नमुना घेणे अवघड होते. दस्त न दुमडता कागदी पाकिटात ठेवावा, आणि पाकिटावरचा मजकूर दस्त आत घालण्यापूर्वीच लिहावा, कारण नंतर लिहिल्यास त्याचा दाब आतल्या कागदावर उमटतो.