पिवळा नंबर चार

गेल्या रविवारपासून आमच्या ग्रुपवर चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ फिरतोय. त्यात एका दगडाला चिकटलेलं एक बूड दिसतं आणि त्या बुडाला खालून टेकू दिलेला एक म्हातारा हात. बूड माझं आहे. हाताचं सांगतो.

आम्ही सहा जण नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून गाडी काढून फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लोला दगड चढायला गेलो होतो. पॅरिसच्या खाली साठेक किलोमीटरवर हे जंगल आहे आणि त्यात वाळूचे दगड (भूगोलात वालुकाश्म लिहून मार्क मिळवायचो, तोच) असे पडलेत की जणू कुणी पोतं उपडं केलंय. "रोप नाय, हार्नेस नाय, दोन-तीन मीटरचे तर दगड, तू अलंग-मदन-कुलंग केलेला माणूस!" असं म्हणत मला नेलं. केलंय ना. २००९ साली. तेव्हा पँट सांभाळायला मला बेल्ट लागायचा.

इथे दगडांवर रंगाने नंबर आणि बाण काढलेत, एका रंगाचे दगड ओळीने चढत जायचं. पांढरा पोरांसाठी, मग पिवळा, केशरी, निळा, लाल, काळा, आणि सगळ्यात अवघड पुन्हा पांढराच, म्हणजे पांढऱ्यावर दिसलात तर तुम्ही पाच वर्षांचे तरी आहात नाहीतर देव तरी. पहिलं असं सर्किट १९४७ सालचं, म्हणजे आपण इंग्रजांना घालवत होतो तेव्हा ही मंडळी दगडांना नंबर घालत होती. मोकळा वेळ म्हणजे काय ते इथे कळतं. एका जागेचं तर नावच 'क्यू द शियाँ' आहे, मराठीत कुत्र्याचं ढुंगण. आमच्या गावात असं नाव असतं तर ग्रामपंचायतीने कधीच बदलून घेतलं असतं.

तर मी पिवळा नंबर चार. उंची माझ्या डोक्याहून हातभर जास्त. एक पाय दगडावर ठेवला आणि मागून आवाज आला, "पिए! पिए!" बघतो तर सत्तरी कधीच ओलांडलेले एक आजोबा, अंगात विटका स्वेटर, काखेत चक्क पायपुसणं. मला वाटलं विचारतायत, प्यायलायस का. नाही म्हणून मान हलवली तर त्यांनी खाली बसून माझा पाय धरला, पायपुसण्यावर ठेवला आणि घासला. 'पिए' म्हणजे पाय. बुटाला वाळू राहिली की पाय सटकतो आणि दगडही झिजून गुळगुळीत होतो, हे नंतर समजलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की एक परका माणूस माझे पाय पुसतोय आणि माझे मित्र हसतायत.

मग त्यांची नजर माझ्या चॉकच्या पिशवीवर गेली (चॉक म्हणजे हात घामाने सटकू नयेत म्हणून लावायची पांढरी पावडर). तोंड असं केलं की मी देवळात चप्पल घालून आलोय. खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून दगडावर फट् फट् आपटली, आत वाळलेली राळ. जुन्या लोकांना राळ लागते, नव्यांना चॉक, आणि राळेने दगड खराब होतो की चॉकने यावर दोघं वर्षानुवर्षं भांडतायत. एकमेकांवर राळ उडवणं मी पहिल्यांदाच शब्दशः पाहिलं.

मी वर हात टाकला, पाय लटपटले. "दूसमाँ! दूसमाँ!" आता हा मला दुश्मन का म्हणतोय? (म्हणजे 'सावकाश'. माझं फ्रेंच तीन महिन्यांच्या अॅपवरचं, त्यात सफरचंदं फार होती.) मी तिथेच अडकलो. वर जाता येईना, खाली उतरता येईना, आणि तेवढ्यात तो हात आला. हलकासा, पाट्यावरून चटणी सारावी तसा. मी वर. खालून आजोबा "व्वाला!" म्हणाले आणि स्वतः निळ्या दगडावर असे चढून गेले जसे आपण माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढतो.

आजोबांवर राग नाही. राग या पाच जणांवर आहे. चार जणांचे हात रिकामे होते, पाचव्याच्या हातात फोन होता, आणि टेकू मात्र परक्या म्हाताऱ्याने द्यायचा. रात्री भाड्याच्या घरात भात मी टाकला, भांडी मी घासली, कारण "तुझे हात फ्रेश आहेत". सोमवारी निघताना म्हटलं निदान क्रोसाँ तरी खाऊ, तर गावातली बेकरी सोमवारी बंद.

आणि काल हिशोब आला. क्रॅशपॅडच्या (दगडावरून पडलात तर खाली अंथरायची जाड गादी) भाड्यात माझाही सहावा हिस्सा. मी लिहिलं, मी त्यावर एकदाही पडलेलो नाही, पडायला आधी वर जावं लागतं. उत्तर आलं, "बसून ब्रेड कोण खात होतं?"

अजून पैसे पाठवलेले नाहीत.