‘ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेविषयी मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही गिरणी कामगाराचे चिरंजीव, लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करून इंजिनिअर झालात. बाबासाहेब तर याहून हलाखीत शिकले. ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच. परिस्थितीचा बाऊ केला की पोरांची जिद्द मरते, आणि खरा दोष आईबापांचा, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय की दहावीला ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या गरीब मुलांना तुम्ही दरवर्षी शिष्यवृत्ती देता. नुसतं बोलणारे पुष्कळ भेटतात, तुम्ही पदरमोड करता. म्हणूनच हे उत्तर लांबलं आहे.

आधी तुमच्या चाळीचं बोलू. खोली दहा बाय दहाची, पण बाराही महिने तुमचीच. वडिलांचा पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा. महापालिकेची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, आणि जूनमध्ये ज्या बाकावर बसलात त्याच बाकावर एप्रिलमध्ये परीक्षा. कॉलेज सरकारी, त्यामुळे फी झेपणारी. या सगळ्यावर तुमचे कष्ट उभे राहिले. १९८२ च्या संपात तो महिन्याचा पगार थांबला, तेव्हा त्याच चाळींतल्या किती पोरांनी शाळा सोडून काम धरलं हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलं असेल. त्या पोरांची जिद्द एका वर्षात आटली होती, असं तुम्हीही म्हणणार नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण प्रत्येक वेळी दिलं जातं, आणि प्रत्येक वेळी त्यातले रामजी सुभेदार गाळले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाला पुस्तक हवं झालं आणि हातात पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे आणि पुस्तक घरी आणायचे. परळच्या खोलीत जागा अपुरी, म्हणून भीमराव लवकर झोपायचे, वडील जागत बसायचे, आणि रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवून मग स्वतः पाठ टेकायचे. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. पुढे केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ ला बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच खर्चाने कोलंबियाला गेले. त्यांची बुद्धी आणि मेहनत अफाटच होती. पण ती वाया जाऊ नये म्हणून एका बापाने झोप मोडली, एका शिक्षकाने शब्द टाकला आणि एका राजाने पैसा दिला. हे खुद्द बाबासाहेब विसरले नाहीत. १९२५ साली त्यांनीच स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. शिकणारा कसाही शिकतोच असं त्यांना वाटलं असतं तर वसतिगृहाची गरज काय होती?

आता आमच्याकडचं. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दसरा झाला की गाव ऊसतोडीला उठतं. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कुणी लग्नासाठी, कुणी दवाखान्यासाठी, कुणी बियाण्यासाठी. ती फेडायला दोघांनाही फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, उभं राहावं लागतं. हंगाम संपून फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. मग कोल्हापूर, सांगली, कधी बेळगाव. तिथे कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालायची, आणि पहाटेच्या अंधारात फड गाठायचा.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीपूर्वी अपूर्णांकांच्या बेरजा चालू असताना ती टोळीबरोबर गेली. तिकडे भाकरी थापायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडावर जायचं, विकायला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं. परत आली तेव्हा वर्ग शेकडेवारी आणि नफातोट्यावर पोचला होता. अपूर्णांकच राहून गेलेले, मग शेकडेवारी कुठून कळणार? पण कारखान्याची वजनपावती वाचून टनाला काय दर, उचलीतून किती वळते झाले, बाकी किती, हे ती बापाला तोंडी सांगायची, आणि मुकादमाच्या वहीतली चूक दाखवायची. तिच्या डोक्यात काय कमी होतं? आठवीनंतर तिचं लग्न लावून दिलं. वयात आलेली पोर गावात एकटी कशी ठेवायची आणि कोपीत तरी कशी न्यायची, हा आईबापांपुढचा प्रश्न होता. आज तीही कोयत्यावर जाते.

किंमत नसलेले आईबाप मी फार थोडे पाहिले. दसऱ्याच्या आधी दर वर्षी एखादी आई शाळेत यायची आणि पोराला इथेच ठेवून घ्या म्हणून विनवायची. कोणाचं पोर मागे राहील, याचा अंदाज मला वर्गातल्या हुशारीवरून कधीच बांधता आला नाही. तो बांधता यायचा घरातल्या म्हातारीवरून. आजी धडधाकट असली, दोन वेळा चूल पेटवू शकत असली, तर पोर गावात राहायचं आणि शाळेत टिकायचं. आजी गेली, की पुढच्या हंगामात पोर टोळीबरोबर गेलंच. कौटुंबिक पार्श्वभूमी म्हणतात ती आमच्या वाडीत अशी दिसते.

कायदा नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. पण फड सतत बदलतो, शाळा लांब, सीमेपलीकडे गेलं तर ती बहुधा कानडी, आणि कडेवरचा भाऊ कुणाकडे द्यायचा? त्यापेक्षा गावातच हंगामी वसतिगृह चालवणं कितीतरी उपयोगाचं. मुलं शेजारीपाजारी, नातलगांकडे झोपतात, जेवण शाळेत शिजतं, अभ्यास चालू राहतो. योजना चांगली आहे, पण मंजुरी आणि पैसा यायला उशीर झाला की तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. गेलेलं पोर जानेवारीत मागे बोलावता येत नाही.

तुम्ही विचारलंत, मग करायचं काय? सरकारने सप्टेंबरातच जाणाऱ्या कुटुंबांच्या याद्या कराव्यात आणि दसऱ्याआधी हंगामी वसतिगृहांच्या चुली पेटवाव्यात. तालुक्याच्या गावी आठवीपुढच्या मुलींसाठी पक्की वसतिगृहं हवीत. आणि तुमच्यापुरती एक विनंती करतो. ९० टक्क्यांची अट लावली की मदत दहावीपर्यंत तरून गेलेल्यालाच मिळते, आमची पोरं सहावी-सातवीत गळतात. या वर्षीच्या शिष्यवृत्तीतला निम्मा पैसा बाजूला काढा आणि सप्टेंबरात एखाद्या वाडीच्या शाळा व्यवस्थापन समितीला द्या. सरकारी पैसा येईपर्यंतचं धान्य, तेल आणि स्वयंपाकीणबाईंची मजुरी त्यात भागेल. गुणपत्रिका मागू नका, मार्चची हजेरी मागा. तुमची तयारी असेल तर खाली कळवा, शिरूर आणि पाटोदा तालुक्यातल्या मुख्याध्यापकांशी मी बोलतो.