पद्मिनीचा कुरतडलेला काठ

गाडीच्या दारावर, अगदी तळाशी, रंगाला वाटाण्याएवढा फोड आला की मालक आधी म्हणतो, उन्हाने आला असेल. मग त्यावर बोट दाबून बघतो. शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवतो आणि ते पापडातून जावं तसं आरपार जातं. इथून पुढचे सगळे रविवार गेलेच समजा.

मी बोलतोय ते कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातल्या पद्मिनी या जुन्या मोटारीबद्दल. नाव चितोडच्या राणीचं, मूळ फियाट 1100 चं, आणि दाराचा काठ उंदराने कुरतडल्यासारखा.

हा गंज आतून येतो, हे आधी मनाला पटवून घ्यावं. काचेलगतच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच. रबर नवं असलं तरी थोडं जातं. त्यासाठीच तळाला भोकं ठेवलेली असतात. म्हणजे दार ही मुळात एक पन्हळ. पण वर्षानुवर्षं त्या भोकांत धूळ, पालापाचोळा आणि कुणीतरी प्रेमाने फासलेलं डांबरी कोटिंग साचतं, आणि पन्हळीचा हौद होतो. त्यातही गंजाची लाडकी जागा म्हणजे तळाची दुमड. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्याच्या कडेवर साडीच्या काठासारखा दुमडलेला असतो. त्या फटीत पाणी ओढलं जातं, रंग मात्र पोहोचत नाही. मुंबईच्या जुलैत तर ते वाळायचा प्रश्नच नाही.

गल्लीतला सर्वमान्य उपाय असा: भोकाला जाळी, जाळीवर लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी), लांबीवर रंग. संध्याकाळी गाडी तयार. वरून कीर्तन, आतून तमाशा. लांबी ओल शोषते, तिच्यामागे गंज निवांत वाढतो आणि एके दिवशी दार जरा जोरात लावलं की तो तुकडा रस्त्यावर. जुनी गाडी बघायला जाताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्यावं आणि दाराच्या तळावरून फिरवावं. जिथे चिकटत नाही तिथे दार नाही, दाराचं चित्र आहे.

खरं काम उकलण्यापासून सुरू होतं. आधी दार बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, बिजागऱ्यांभोवती टोकदार खुणा करायच्या. मग हँडलं, आतला पुठ्ठा, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद. काच वरखाली करायच्या हँडलची बारीक पिन उडून कुठे जाते, हे विज्ञानाला अजून सुटलेलं नाही. काचही काढायचीच. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि मग तिच्यावर कायमच्या खरजेसारखे ठिपके राहतात.

आता दुमड. ती छिन्नीने उचकटू नये, चांगला पत्राही वाकतो. दुमडीची धार फ्लॅप डिस्कने, म्हणजे ग्राइंडरच्या पॉलिश कागदाच्या चकतीने, घासत जावं, पत्रा कागदासारखा झाला की मागची पट्टी आपोआप सुटते. बाहेरचा पत्रा कापताना गंज संपतो त्याच्या बोटभर वर जायचं, पण तेवढंच. कापाची रेषा जितकी खाली, तितकं बरं. दाराच्या सपाट मध्यावर वेल्डिंग केलं तर पत्रा हमखास लाटा मारतो.

आतला सांगाडा आधी, बाहेरची कातडी नंतर. हा क्रम उलटवणारे दोन्ही कामं दोनदा करतात. पुठ्ठ्याचा नमुना कापून 0.8 मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड, साध्या पोलादी) पत्र्यावर उतरवायचा. ‘गॅल्वनाइज्ड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरा, गंजणार नाही’ असं सांगणारा भेटतोच. वेल्डिंगच्या वेळी त्या जस्ताचा धूर नाकात गेला की ताप भरतो, तेव्हा मात्र तो भेटत नाही. खाली दुमडीसाठी 10 ते 12 मिलिमीटर जास्त ठेवून ती कड काटकोनात वाकवून घ्यायची.

गॅस वेल्डिंगने दार पुरीसारखं फुगतं. सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तार वितळवणारं) घ्यावं, 0.6 मिलिमीटरची तार, आणि सलग ओढ तर अजिबात नको. दर 25 मिलिमीटरवर एक टाका. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, मग चहा. हात ठेवता येईल इतका पत्रा गार झाल्यावर मधले टाके. घाई करणाऱ्याची चूक दारावर दुपारच्या तिरप्या उन्हात दिसते, आणि शेजाऱ्यांना ती आधी दिसते.

दुमड पूर्ण ठोकण्याआधी दार गाडीवर टांगून फटी पुन्हा मोजाव्यात. एकदा ठोकली की पीळ आत कायमचा. फटी जुळल्या की आत एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) लावून, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) दुमडीची कड आधी 45 अंशांवर, एक फेरा, मग सपाट. त्यावर फट बुजवणारं सीलर, मग रंग, आणि रंग पक्का वाळल्यावर पोकळीत मेण. तळाला 8 मिलिमीटरची तीन-चार भोकं मोकळी हवीतच. काचेच्या फटीतून लिटरभर पाणी ओतायचं. खाली धारा लागल्या तर काम झालं.

हे रंगाऱ्याकडून गाडी परत आल्यावरही ओतून बघावं. तो दार कौतुकाने थोपटून सांगतो, “साहेब, खाली कुणीतरी भोकं पाडून ठेवली होती, बुजवून टाकली. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.”