'२०० एमबीपीएस नावाला, गेम रोज तुटते' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. मी तुमचं इंटरनेट कनेक्शन देणाऱ्या ऑफिसमधून लिहितोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टला आकडाही पूर्ण येतो, पण रात्री व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळताना पिंग (डेटा सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलीसेकंदांत) ३० वरून ३०० वर उडतो, रँक्ड मॅच मधेच तुटते आणि वर पेनल्टी बसते. आमच्या ऑफिसचा मुलगा येऊन 'लाईन ओके आहे' म्हणतो, म्हणजे ही फसवणूक आहे, असंही तुमचं म्हणणं आहे. मॅच तुटल्यावर राग येणारच, बाकीचे चौघे तुमच्या भरवशावर खेळत असतात. फसवणूक हा शब्द मात्र मला मान्य नाही. का ते इथेच सविस्तर लिहितो, कारण साताऱ्यात हाच त्रास असलेली बरीच मुलं हे वाचतील.

व्हॅलोरंटला २०० एमबीपीएस लागतच नाहीत. खेळताना एक-दोन एमबीपीएससुद्धा पुरतात. पण सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, त्यामुळे डेटाची छोटी छोटी पॅकेट्स वेळेवर पोचायला हवीत. स्पीड टेस्ट काही सेकंदांत एकूण किती डेटा आला ते मोजते. मधे अर्धा सेकंद काहीच आलं नाही तरी तिचा आकडा छान दिसतो. म्हणून तुमची स्पीड टेस्टही खरी आणि लॅगही खरा.

गेमचा सर्व्हर मुंबईत, इथून साधारण अडीचशे किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अंतराचे तीनेक मिलीसेकंद. ३०० चा पिंग अंतराने येत नाही, पॅकेट कुठेतरी अडकतंय किंवा हरवतंय.

तुम्ही लिहिलेल्या रात्रींचा लॉग मी स्वतः पाहिला. तुमच्या घरातला फायबरचा डबा एकदाही डिस्कनेक्ट झालेला नाही. त्याच्यापर्यंत सिग्नल -२१ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) पोचतोय, म्हणजे चांगला आहे. अडचण -२७ च्या खाली गेल्यावर सुरू होते. राउटर खाली टीव्हीमागे आणि पीसी वरच्या खोलीत वायफायवर, तोही २.४ गिगाहर्ट्झवर. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. रात्री आळीतले सगळे राउटर त्याच तिघांवर असतात. माझा संशय तिथे आहे, पण माझ्या शब्दावर जाऊ नका.

आज रात्री खेळताना पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो) पिंग लावा, दुसरीत 8.8.8.8 ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), दोन्हीकडे शेवटी -t घालून, म्हणजे पिंग चालूच राहील. लॅग आला की पहिल्या खिडकीतही आकडे उडाले किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर बिघाड राउटर ते पीसी या टप्प्यात आहे. पहिली शांत आणि फक्त दुसरी उडत असेल, तर वायफायचा दोष नाही. तेव्हा घरातल्या फोनचं फोटो बॅकअप किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड रेकॉर्डिंग बंद करून पाहा. ते अपलोड पूर्ण भरून टाकतं आणि गेमचं पॅकेट राउटरमध्येच मागे तुंबून राहतं. एवढं करूनही दुसरी खिडकी उडत राहिली, तर तो आमच्या बाजूचा प्रश्न धरून मी शोधेन.

३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याने पिंग कमी होत नाही. वायफाय एक्स्टेंडरही लगेच विकत घेऊ नका, बरेचदा त्याने उलट विलंब वाढतो. जिन्यावरून एक कॅट ६ केबल (राउटर ते पीसी नेटची तार) वर नेली की काम व्हावं.

उद्या आमचा मुलगा लांब केबल घेऊन येईल आणि चार दिवस तुमच्याकडेच ठेवेल, पैसे नाहीत. रात्री आठ ते अकरा त्यावर खेळा, दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाका. केबलवरही मॅच तुटली आणि दोष आमच्या लाईनचा निघाला, तर तो दुरुस्त होईपर्यंतचं भाडं तुमच्या पुढच्या बिलातून वजा करतो.